पारिभाषिक शब्द आणि एक बंद पाकीट

२ जुलै
आजपासून रोजनिशी. विज्ञानाच्या माणसाकडे नोंदी हव्यात. मुख्याध्यापक पुंडलिकरावांनी दहावीसाठी प्रजनन संस्थेच्या शब्दांची पुस्तिका करायला सांगितलं. म्हणाले, दारव्ह्यात हे काम तुमच्याशिवाय कोण करणार. खरं आहे. बाकीचे सर हा धडा आला की "घरी वाचा" म्हणून सटकतात.
किरकोळ नोंद: फेब्रुवारीत यवतमाळच्या लॅबमधून आणलेलं माझ्या तपासणीचं पाकीट अजून उघडलेलं नाही. रिपोर्ट नॉर्मलच असणार. घाई काय?

५ जुलै
अंडाशय, बीजवाहिनी, गर्भाशय. स्त्रीचा भाग एका बैठकीत संपवला. नऊ वर्षांत बायकोच्या, म्हणजे प्रियंकाच्या, सगळ्या तपासण्या झाल्यात; त्यामुळे शब्द तोंडपाठ. तिचा प्रत्येक रिपोर्ट मीच आईला मराठीत समजावला. बीजवाहिन्या मोकळ्या, गर्भाशय उत्तम. आई विचारते, मग पोट्टं काहून नाही? आईला वैज्ञानिक दृष्टिकोन नाही.

११ जुलै
पुरुषाचा भाग सुरू केला. वृषण. पुढे सुचेना. कपाटातून पाकीट बघतंय असं वाटत होतं. ते खालच्या कप्प्यात स्वेटरांखाली घातलं. उद्या नक्की शुक्राणू.

१९ जुलै
शुक्राणू राहिले. शाळेतून आलो तर कपाटाचं दार उघडं आणि पाकीट स्वेटरांच्या वर. बिजागरी सैल आहे, मान्य. पण पाकीट वर कसं आलं? प्रियंकाने आवरलं असेल. विचारलं नाही. मी भूतबीत मानत नाही. पाकीट शाळेत नेऊन आकृत्यांच्या गुंडाळीत लपवलं.

१ ऑगस्ट
नववीत हृदयाची आकृती दाखवायला गुंडाळी सोडली, तर पाकीट टेबलावर पडलं. गुंडाळी चुकली. पहिल्या बाकावरच्या पायलने पाकिटावरचं नाव वाचून हातात दिलं. दिवसभर सगळी शाळा माझ्याकडे बघतेय असं वाटलं. पाकीट परत घरी. मी त्याला नेतोय की ते मला, समजत नाही.

१४ ऑगस्ट
धाकट्या भावाच्या, बंटीच्या, बायकोला (सुरभीला) सातवा महिना. २४ तारखेला डोहाळजेवण. आईने आज सगळ्यांसमोर ठरवलं की सुरभीची ओटी भरायला प्रियंका नको, बरं नसतं. प्रियंका पोळ्या लाटत राहिली. मला आईचा भयंकर राग आला. आईला बोललो नाही, पण जेवलोही नाही (दोनच पोळ्या).
निश्चय: २४च्या आत पाकीट उघडायचं. आत काहीही असो, सगळ्यांसमोर सांगायचं. ओटी प्रियंकाच भरणार.

२० ऑगस्ट
पुस्तिका पूर्ण. अ‍ॅझूस्पर्मियासाठी "अशुक्राणुता" हा शब्द घेतला. अर्थ: वीर्यात शुक्राणू अजिबात न आढळणे. व्याख्या चोख. पाठीमागे कोणी उभं असल्यासारखं वाटलं. वळलो तर प्रियंका, चहा घेऊन. कधीपासून उभी होती, विचारलं नाही.

२१ ऑगस्ट
दहावीवर तो धडा होता. घसा बसला होता. घरी वाचा म्हटलं. पुस्तिका वाटल्यात, अडचण नाही.

२३ ऑगस्ट
उघडलं. न्हाणीघरात, कडी लावून. खालच्या ओळीत एकच शब्द आहे. पुस्तिकेत पान नऊवर आहे.
खूप वेळ नळ सोडून बसलो. भीती वाटली, एवढं लिहितो. लॅबची चूक असू शकते, त्या दिवशी गर्दी होती. तरी उद्या सांगणारच. दीड पानाचं भाषण लिहून ठेवलं.

२४ ऑगस्ट, दुपार
बायका जमल्या. मी उभा राहिलो, म्हणालो, मला दोन शब्द बोलायचेत. सगळ्या थांबल्या. प्रियंका स्वयंपाकघराच्या दारात आली. मी गर्भाच्या वाढीवर पंधरा मिनिटं बोललो. बंटीने टाळ्या वाजवल्या. मग आईने, काकूने, शेजारच्या चौघींनी ओटी भरली. प्रियंका आत गेली होती.

२४ ऑगस्ट, संध्याकाळ
आधी प्रियंकाला सांगणं योग्य, असा विचार करून पाकीट तिच्यापुढे धरलं. तिने हातात घेतलं नाही.
"फॉर्मवर तुमी लाजून माहा नंबर लिवला होता," ती म्हणाली. "रिपोर्ट मले फेब्रुवारीतच आलता, मोबाइलवर."
सहा महिने. या सहा महिन्यांत आईने तिच्याकडून अकरा सोमवार करवून घेतले. गप्प का राहिलीस, म्हणून मी विचारलं.
"तुमी सांगाल म्हनून वाट पाहून राह्यली होती."
ती रडत असती तर बरं झालं असतं. ती कपड्यांच्या घड्या करत होती.

२५ ऑगस्ट, सकाळी आठ
चहाला आईने विषय काढलाच. राळेगावकडे एक वैदू आहे, मुळी देतो, आजच प्रियंकाला घेऊन जाते म्हणाली.
प्रियंका माझ्याकडे बघत थांबली. मी बिस्किट बुडवत होतो. मग ती आईला म्हणाली, "या खेपेस मले नोका नेऊ. यायले न्या, तुमच्या पोराले."
आईचा कप हातातच राहिला. दोघी माझ्याकडे बघत होत्या. भाषण खिशात होतं, दीड पान, मुद्देसूद.
मी म्हणालो, राळेगावला जायला साडेनऊची एसटी बरी पडेल.