आयव्हीच्या वेलीवरची अळी

लंडन, १४ मार्च १८८३

प्रिय सायलसदादा,

सादर नमस्कार. वहिनींचा खोकला उतरला असेल आणि तुझ्या दुकानातली घड्याळं निदान एकमेकांशी जुळवून घेत असतील, अशी आशा. माझी प्रकृती ठीक (उजवा खांदा सोडून, तो आता माझा राहिलेला नाही, पुस्तकवाल्यांचा झालाय).

अकरा वर्षं मी ग्रिंडलसाहेबांच्या प्रकाशनाची मुखपृष्ठं काढतेय. लेखकाचं नाव सोनेरी, साहेबांचं सोनेरी, माझं कुठेच नाही. या खेपेस पाद्री थ्रिप यांच्या बागकामाच्या पुस्तकावर आयव्हीची वेल काढली (सहा वेळा, पाद्रीबाबांना पानं पुरेशी सोज्वळ वाटेनात), तेव्हा धीर करून म्हटलं, माझी दोन आद्याक्षरं घालू द्या. साहेबांनी आठवडाभर विचार केला आणि म्हणाले, "घाला. फक्त ती दिसता कामा नयेत."

मी ती तिसऱ्या पानाच्या देठाला अलगद गुंडाळली. पितळी ठसा कोरून झाला, मुखपृष्ठाच्या हिरव्या कापडावर सोनेरी नमुना उठला आणि मी तो दोन रात्री उशाशी घेऊन झोपले (हे वहिनींना सांगू नकोस). तिसऱ्या दिवशी पाद्रीबाबांचं पत्र आलं. त्यांनी भिंग लावून पाहिलं होतं: वेलीवर अळी आहे, आणि निरोगी बागेच्या पुस्तकावर अळी चालायची नाही.

मी साहेबांना सांगितलं, की ती अळी नव्हे, मी आहे. साहेबांनी पाद्रीबाबांच्या पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "मिस पॉक्रिज, त्यांना समजावण्यापेक्षा तुम्हाला काढणं सोपं."

ठसा कोरणाऱ्या म्हाताऱ्या पेटिफरकाकांकडे तो मीच घेऊन गेले. त्यांनी कानस उचलली आणि विचारलं, "अळी काढायचीय का सही? सही असेल तर हळू काढतो." खरंच हळू काढली त्यांनी. घरी येऊन गार झालेला चहा प्यायले आणि पुढच्या पुस्तकाला बसले. रागवायचं होतं, पण ते काम शुक्रवारी द्यायचंय.

तुझी धाकटी बहीण,
टॅबिथा

ता. क. सोबतची पुस्तकाची प्रत आईची. नमुना उठला त्याच दिवशी मी तिला सगळं कळवून बसले, आणि आता माझी अक्षरं दाखवायला रविवारी तिनं शेजारपाजार चहाला बोलावलाय. तुझ्याकडे घड्याळांची बारीक अवजारं आहेत. त्याआधी तिसऱ्या देठाशी माझी दोन अक्षरं कोरशील का?

आणखी एक. सोनेरी नसली तरी चालतील, पण खोल कोर. आईला आता नीट दिसत नाही, म्हणून ती बोटानं शोधेल.