आठ कॅमेऱ्यांचं वावर

३ नोव्हेंबर, सकाळी
रिपोर्ट आला. तीन महिन्यांची सरासरी साखर नऊच्या वर. फेब्रुवारीत पुन्हा तपासू, तेव्हाही अशीच असली तर इन्सुलिन, असं डॉक्टर म्हणाले. इंजेक्शन घ्यायचं नाही म्हणजे नाही. आमचे वडील, आबा, शहात्तराव्या वर्षी चोपड्याला केळीत हिंडतात आणि मी शेहेचाळीसाव्या वर्षी पोटात टोचून घेतो, हे गावात कोणत्या तोंडानं सांगू? डॉक्टरांनी विचारलं, बसणं किती होतं. म्हटलं, शेतकरी माणूस, दिवसभर वावरात असतो. खोटं नाही. वावरात आठ कॅमेरे लावलेत आणि मी इकडे शहरात, पिंप्राळ्याच्या घरात खुर्चीवरून दिवसभर तिथेच असतो. तरी उद्यापासून चालायचं. फायनल.

४ नोव्हेंबर
चालणं झालं नाही. सकाळी नेमके मजूर येतात. तेव्हाच मी कॉलनीत चकरा मारायला लागलो तर तिकडे लक्ष कोणाचं? सगळे कॅमेरे दोनदा बघितले. पायी बघायला तास लागायचा. म्हणजे दोन तासांचं चालणं धरायला हरकत नाही. दिपमाला म्हणाली, डोळे चालले, पाय घरीच होते. बायकोला शेतीतलं कळत नाही.

९ नोव्हेंबर
मधला मार्ग सापडला. मोबाईल हातात धरून चालायचं. कॅमेरा तीनमध्ये कुत्रं शिरलं, म्हणून मोबाईलवर कॅमेऱ्याच्या स्पीकरचं बटण दाबून जोरात हाड, हाड केलं. समोरून शेजारच्या प्रमिलाबाई येत होत्या. चालणं तूर्त स्थगित.

१६ नोव्हेंबर
वावरात भरीत पार्टी. दिपमाला आणि आमची मुलगी ज्योती गेल्या. मी थांबलो. कोणीतरी कॅमेऱ्यावर हवंच. काड्यांवर वांगी भाजताना सगळे दिसले. आमचा सालदार सुकदेव बांधावर टेकला. स्पीकरवरून सांगितलं, बसून राहू नको. तो वर बघून म्हणाला, भूषणभाऊ, तुम्ही उभा शेतस का? सगळे हसले. आबा सगळ्यात जास्त.
ज्योतीनं कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला. मीही हलवला. मग लक्षात आलं, तिला मी दिसत नाही. फार एकटं वाटलं. पुऱ्या गोड नसतात, म्हणून माझ्यासाठी आलेल्या डब्यातल्या सगळ्या खाल्ल्या.

२ डिसेंबर
उठावंसं वाटतं. खुर्चीच्या दांड्यावर हातही ठेवतो. मग वाटतं, नेमकं आत्ताच काहीतरी होईल. दोन वर्षांत चोरी झाली नाही, कारण मी बघत होतो.
चांगली बातमी : तळपायांना मुंग्या यायच्या, त्या बंद झाल्या. आता काहीच जाणवत नाही. आपोआप फरक पडतोय.

२१ डिसेंबर
आज प्रत्यक्ष वावरात जाऊन चाललो. म्हणजे गाडीनं गेलो. बांधाला नेटवर्क छान मिळतं, म्हणून आधी गाडीत बसून मोबाईलवर सगळे कॅमेरे बघून घेतले. आबांनी काच वाजवली. म्हणाले, बठ्ठं वावर आठेच शे ना भो, खाले उतर. सगळं वावर इथेच आहे, हे खरं. उतरलो. विहिरीपर्यंत गेलो, परत आलो. परतताना एका पायात चप्पल नव्हती. सुकदेवनं मागून आणून दिली. चप्पल सैल झालीय. नवी घ्यायची.

२२ डिसेंबर
कालचं रेकॉर्डिंग बघितलं. कॅमेरा पाचमध्ये मी चालतोय. चप्पल निघते. मी तसाच पुढे जातो, काड्याकुड्यांवरून, ताठ मानेनं. पुन्हा पुन्हा मागे घेऊन बघितलं. खाली बघतच नाही हा माणूस.
तळपायाला काहीतरी लागलंय. दुखत नाही, म्हणजे किरकोळच असणार.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ एकच खाल्ला, नंतरचे मोजले नाहीत. जखम अजून ओली. दिपमालाला दाखवली नाही. ती मोजा काढ म्हणाली, मी थंडी वाजते म्हणालो. भीती वाटतेय. इथे लिहायला हरकत नाही, हे कोणी वाचत नाही. सकाळी मोबाईल कपाटात ठेवून जिना उतरलो. गेटपर्यंत गेलो आणि कॅमेरा दोन आठवला.

३ फेब्रुवारी
साखर दहाच्या पुढे. डॉक्टरांनी मोजा काढायला लावला. दिपमाला तोंड फिरवून उभी राहिली. डॉक्टर म्हणाले, डोळे मिटा, तळव्याला टोचलं की सांगा. मी डोळे मिटून वाट बघत राहिलो. बराच वेळ झाला, म्हणून विचारलं, सुरू करताय ना? ते म्हणाले, झालंसुद्धा.
इन्सुलिन आजपासून. चालतो म्हटलं, उद्यापासून नक्की चालतो, शपथेवर. तर म्हणाले, आता नाही. जखम भरेपर्यंत पाय टेकवायचा नाही. बसून राहायचं. कागदावर तसं लिहून दिलंय.

४ फेब्रुवारी, दुपारी
खुर्चीत. पाय स्टुलावर. आबा कॅमेरा पाचखाली येऊन थांबले. वर बघून विचारलं, पाय कसा शे रे भूषण? बराच वेळ तसेच मान वर करून उभे होते. मी स्पीकरचं बटण दाबलं आणि बरा आहे म्हणालो.