अठ्ठेचाळीस म्हणजे नापास

मु. हिवरखेड

आमचे थोरले साळे जानराव, वलगाव, यांस खुशालरावचा नमस्कार. तुमची अन् जमुनावहिनीची तब्येत बरी असंल. माझी नाही, अन् त्याले कारण तुमी हाय.

दिवाळीत तुमच्या घरी माझा गुडघा ठणकला, तवा तुमी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. "घ्या! मी दोन सालांपासून रोज दोन खाऊन राहिलो, घोड्यावानी पळतो." मी बी रोज एक सुरू केली. पळालोही. (पयले रानडुकराच्या मागं, मंग त्याच्या पुढं.) चार महिन्यांत पाय असे सुजले का चपलेत जाईनात. तवा तुमच्या बहिणीनं, म्हणजे शकुननं, मले धरून अकोल्याले नेलं.

रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, किडनीचा गाळण्याचा वेग अठ्ठेचाळीस आला." मी खुश! मॅट्रिकले मले गणितात पस्तीस होते. त्या म्हणाल्या, "नव्वदच्या आसपास पाहिजे होता." माणसाचा असा पाणउतारा करतात का?

मंग त्यांनी विचारलं, तुमच्या संत्र्याच्या बागेले ठिबकचं पाणी हाय का? हाय म्हटलं, तर कागदावर चित्रच काढलं. किडनीत लाखो बारीक गाळण्या. दिवसाले एकशेऐंशी लिटर गाळतात, अन् त्यातलं दीड-दोन लिटर सोडून सारं पाणी रक्तात वापस! (असा गडी मी दुसऱ्याच दिवशी कामावरून काढला असता. पण बाई म्हणाल्या, वापस नाही केलं तर तुमी दुपारपर्यंत वाळून जाल.) दर गाळणीले रक्त आत आणणारी एक नळी, बाहेर नेणारी दुसरी. दाब कमी झाला का किडनी आतली नळी सैल करते, बाहेरची आवळते, अन् गाळणं चालू ठेवते. कोणाले विचारत नाही, सांगत नाही. "आणि काका, दुखण्याची गोळी ती आतली नळीच आवळते. मोटर चालू, अन् तुम्ही कॉक बंद करून बसले."

"मी नाही, जानरावनं केला!" मी ठणकावून सांगतलं. तर शकुन भर दवाखान्यात माझ्यावर उलटली, "माझ्या भावाचं नाव कशाले? गोळी तोंडात त्यानं टाकली का?" चाळीस वर्षांचा संसार, अन् वेळेवर ती वलगावची निघाली!

गोळ्या बंद. महिन्यानं पुन्हा तपासणी. आकडा सुधरू शकते म्हणे. सूज उतरून राहिली, पण गुडघा बोंबलतो. या साऱ्याचा जाब तुमाले द्या लागंल.

तुमचा,
खुशालराव

ता.क. मी चार महिने एक खाल्ली. तुमी दोन साल, रोज दोन. सोमवारी अकराचा नंबर तुमच्या नावानं लावला हाय. अकोल्याच्या स्टँडवर मी उभा राहतो. पाकीट संग आणा, बाईले दाखवाचं हाय. तोवर एक बी गोळी खाऊ नका. भांडण तपासणीनंतर.

ता.क. दुसरा. दादा, मी शकुन लिहून राहिली. वरचा जोर पाहून राग मानू नको. दवाखान्यातून निघाल्यावर हे बाहेरच्या बाकावर बसून रडले. मले वाटलं, स्वतःसाठी. काहून रडता म्हटलं, तर म्हणे, "जानरावले काही झालं तर मी भांडू कोणासंग?" सोमवारी नक्की येजो.