अर्धी आऊटलाइन

डहाणू,
९ डिसेंबर

चि. नयन यास आईचा आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. तुझ्या बापाची होडी परवा आली. बोंबील चांगले मिळाले, अंगणभर वाळत घातलेत. पुण्यात थंडी असेल, स्वेटर घाल.

फोनवर माझा आवाज चढला की तू मीटिंग आहे म्हणून कापतोस, म्हणून लिहिते. चौथी शिकलेल्या बाईच्या चुका काढू नकोस.

तुला कंपनीने साहेब केलं म्हणून तू पेढे पाठवलेस. दक्षाने घरोघर वाटले. मला बघवलं नाही. पेढे तिच्याच कामाचे होते ना. कॉम्प्युटरवर टीव्हीच्या पोटात असतो तसल्या त्या हिरव्या सर्किट बोर्डाची बाहेरची रेघ, आऊटलाइन का काय ती, तू काढतोस असं तुझ्या कंपनीला वाटतं. तुझ्या रेघेची टोकं जुळत नाहीत, काम परत येतं, हे मला ठाऊक आहे. तू फाइल पाठवायचास आणि ही दक्षा, तुझी लग्नाची बायको, मासळीचे हात धुऊन लॅपटॉपला बसायची. कोपरे गोल करायची, सांधा मोठा करकरून बघायची. मी म्हणायचे, चौकट झाली ना, आटप आता. ती म्हणायची, केसाएवढी फट राहिली तरी मशीन बोर्ड कापत नाही.

आणि तू तिच्या भावाला तलासरीला फोन करतोस, की ही पुण्यात शोभणार नाही, माहेरी घेऊन जा. मला सांगायची हिंमत झाली नाही तुला. भाऊ दारात आला तेव्हा कळलं.

ती रडली नाही. तेवढ्यात तुझा मेसेज आला, एवढी एक करून दे. आणि ती बसली रे. भाऊ ओट्यावर चहा पितोय आणि ही तुझी रेघ ओढतेय. मी जाऊन लॅपटॉप मिटला, तिची बोटं चेंगरायची राहिली.

ती म्हणाली, "आई, अर्धीच झालीय. त्यांना बोलणी बसतील."

मी म्हटलं, "बसू दे."

भावाला एकट्यालाच परत पाठवलं. दक्षा माझ्या घरात राहील. तलासरीच्या एका कारखान्यात तिने हेच काम मागितलंय, स्वतःच्या नावाने. मिळेल, नाही मिळेल. तुला यायचं तर तिला न्यायला ये, नाहीतर येऊ नकोस.

उरलेली रेघ तू ओढ.

दक्षाची सासू,
संगिता