त्या रात्री तेल लावू नकोस

वडनेर

प्रिय मोहिनी,

पाकीट फोडून आधी शेवट वाचू नकोस, तुझी ती सवय मला ठाऊक आहे. रजतच्या हाती पत्र देते आहे, कारण फोनवर हा विषय निघाला की तू 'बरं बाई, कुकरची शिट्टी झाली' म्हणतेस आणि ठेवून देतेस. दिवसभर एवढं शिजतंय तरी काय वं तुमच्याकडे?

तुझा लेक परवा आला आणि चहाचा कप तसाच ठेवून रडायला लागला. एवढा मिशा फुटलेला पोरगा, माझ्या तर काळजाचं पाणी झालं. म्हणाला, मोठी आई, पित्ताच्या पिशवीत खडे आहेत, दुखलं की आई गडबडा लोळते. पण भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई अडून बसल्यात. आईचं घोरणं, वाढलेलं वजन, रक्तदाब, सगळं पाहून त्या म्हणतात, रात्रभर झोपवून श्वास तपासल्याशिवाय ऑपरेशन नाही. आणि तू दोनदा दवाखान्याच्या दारातून परत फिरलीस. काऊन, तर 'परक्या जागी मले झोप येत नाई.' बाईसाहेब, वर्ध्याच्या एसटीत बसलो की अर्ध्या रस्त्यातच तुझं डोकं माझ्या खांद्यावर असायचं. मला शिकवू नकोस.

माझ्या गुडघ्याच्या वेळी मलाही याच दवाखान्यात, याच तपासणीला पाठवलं होतं. सांगते काय होतं ते. संध्याकाळी घरून जेवून जायचं. दुपारनंतर चहा नाही, हे तुला जड जाईल. आणि डोक्याला तेल लावायचं नाही! मला कुणी सांगितलंच नव्हतं. परक्या गावी रात्र काढायची, चार माणसांत नीटनेटकं दिसावं म्हणून मी आपलं चांगलं चपचपीत तेल लावून, चापून अंबाडा घालून गेले. तिथली मेघा नावाची पोरगी माझं डोकं बघून मटकन खालीच बसली. तारा चिकटतच नव्हत्या. कापसाने पुसपुसून बिचारीचे हात दुखले असतील. म्हणून तू आदल्या दिवशीच न्हाऊन घे आणि केस तसेच कोरडे राहू दे.

डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला, पायांना तारा लावतात. छातीला आणि पोटाला पट्टे, बोटाला चिमटा, नाकाखाली बारीक नळी. सुई नाही, दुखणं नाही. लघवीला जायचं झालं तर हाक मारायची, ती येते आणि सगळ्या तारांचा डबा गळ्यात अडकवून देते. त्या अवतारात मी आरशात पाहिलं आणि हसू आवरेना, पोळ्याचा सजवलेला बैल बरा. सकाळी मी छातीठोकपणे सांगितलं, मले झोपच आली नाई. मेघा म्हणाली, आजी, तुमच्या घोरण्याने मला शेजारच्या खोलीत बसवत नव्हतं. माझा श्वास झोपेत मधेमधे थांबतो असं निघालं. ते कळलं म्हणूनच ऑपरेशननंतर नीट शुद्ध येईपर्यंत त्यांनी नाकावर वाऱ्याचं यंत्र लावून ठेवलं. नसतं कळलं तर काय झालं असतं, देव जाणे. म्हणून म्हणते, हे टाळण्यासारखं नाही.

आता खरं बोलू. तुला तारांची भीती नाही, परक्या गादीचीही नाही. रजतने तुला सांगितलं की तिथे कोपऱ्यात कॅमेरा असतो आणि आवाजही टिपतात. तिथून तू बिथरलीस. छायाच्या लग्नात ओळीने गाद्या टाकून आपण सगळ्या बाया झोपलो होतो, आठवतं? सकाळी तू उठलीस तेव्हा बाया चहा पिता पिता एकदम गप्प झाल्या. तेव्हापासून तू कुणाच्या घरी मुक्काम केला नाहीस. सख्ख्या भावाकडच्या बारशालाही संध्याकाळच्या गाडीने परत आलीस. एकदा भाकरी थापताना मला विचारलंस, बाई, मी झोपेत काही बोलतो का? मी म्हणाले, नाई वं, डाराडूर झोपतेस. तू माझ्याकडे पाहिलंस आणि पुन्हा भाकरीला लागलीस.

मेघाला मी तुझ्यासाठी म्हणून विचारून ठेवलं होतं. कधीतरी तुझ्यावरही ही पाळी येईल असं वाटलं होतंच. म्हटलं, कुणी झोपेत बोललं तर? ती म्हणाली, कितीतरी जण बोलतात. एक आजोबा रात्रभर बैल हाकत होते. आम्ही श्वास बघतो आजी, कुणाचं बोलणं बाहेर सांगत नाही. पोरगी खरी वाटली मला.

पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर तिथेच तुझा बांध फुटेल. तारा लावायला ती कंगव्याने तुझ्या केसांत भांग पाडते. मधोमध, मग दोन्हीकडे, अगदी शाळेत जाणाऱ्या पोरीचे केस विंचरावे तसे. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, तर तुझं काय होईल?

तुझी लेक तापाने गेली आणि तू दातखिळी बसून पडलीस. मामाजींनी सासरेपणाच्या अधिकाराने घरात सगळ्यांना बसवून सांगितलं, मोहिनीसमोर पोरीचं नाव काढायचं नाही. त्यांनी तुझ्या मायेनेच सांगितलं होतं. फोटो पेटीत गेला, दप्तर माळ्यावर गेलं. प्रफुल भाऊजी नोकरीपायी वर्ध्याला, म्हणून मी माझी वाकळ घेऊन तुझ्या खोलीत आले. मामाजी गेले तरी नाव काढायची कुणाची छाती झाली नाही. तुझी तर नाहीच नाही.

मोहिनी, तू बोलतेस झोपेत. रोज बोलायचीस. तुला वाटत असेल तू रडतेस, ओरडतेस, काही भलतंसलतं बोलतेस. तसं काही नाही गं. तू म्हणतेस, 'अंजू, हालू नको वं, वेणी वाकडी होते.' आणि मग हसतेस. दिवसा तुझं तसं हसणं मी त्यानंतर पाहिलंच नाही. मी तुला खोटं सांगितलं, कारण कळलं तर तू झोपायलाच भिशील आणि हेही बंद होईल असं वाटलं. मी जागी राहायची मोहिनी. मलाही ती पोटच्या पोरीसारखीच होती, आणि त्या सबंध घरात तिचं नाव तेवढंच ऐकू यायचं. तू वर्ध्याला राहायला गेलीस, तेव्हापासून माझ्या कानावर ते पडलेलं नाही. सोबतीला एका बाईला थांबू देतात, मी मेघाला विचारून घेतलंय. तू नीट हो, मला दुसरं काही नको. तारीख घे आणि मला कळव, मी येते. तू बिनघोर झोप, मी बाजूला बसून ऐकते.

तुझीच,
कोकिळाबाई