हवामान करार आणि आमचा सलीम

१८ एप्रिल, घुग्घुस
करुणाच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा. विषय : आंतरराष्ट्रीय हवामान करार देशाच्या हिताचे आहेत का? चिठ्ठीत तिला 'आहेत' आलं. बाप खाणीत कोळशाचा डंपर चालवतो न् पोरगी हे बोलणार! म्हणाली, "बाबा, तुमी विरुद्ध बाजूनं बोला. मले सराव पायजे."
बोललो. "मोठ्या देशांनी पोटभर कोळसा जाळला, घरं भरली. आता आपल्याले म्हणते चूल इझवा. काऊन आयकाचं आपून?" ती वही चाळत बसली. तिची आई कमल आतून म्हणाली, "पोरीले जरा जिंकू द्या न जी." जास्तच जोरात बोललो बहुतेक.

२३ एप्रिल
पहिली पाळी. डंपरचा एसी आठवड्यापासून बंद. तोंडी सांगितलं, लेखी नाही दिलं. दोनला गाडी सलीमच्या हातात दिली. किती वर्षं झाली, एकच डंपर आम्हा दोघांचा, सकाळी मी, दुपारी तो. म्हणाला, "भाऊ, आज भी भट्टीच आहे का?" हो म्हटलं, आणि गाडी सोपवतानाच्या चेकलिस्टवर 'सर्व ठीक' लिहून सही केली. सगळेच करतात. नाही लिहिलं तर गाडी उभी राहते, मग साहेब…
संध्याकाळी करुणाने उत्तर आणलं. "करार आहे म्हणूनच गरीब देश जाब इचारू शकते, बाबा. नाई तर कोन इचारते?" मी म्हटलं, "इचारते, पन देते कोन?" मुद्दा चांगला होता तिचा. तसं सांगितलं नाही.

२६ एप्रिल
सलीम गेला.
काल दुपारी. डंपर चढावर थांबला तो थांबलाच. लोक वर चढले तर सीटवर कलंडलेला, अंग तव्यासारखं. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं.
आज माती दिली. कालही गाडी मीच दिली होती त्याला. कालही तेच लिहिलं होतं.

२ मे
चंद्रपूरला करुणाच्या कॉलेजात स्पर्धा. ड्यूटीमुळे गेलो नाही, मोबाइलवर बघितलं. करुणा पहिली आली. शेवटी म्हणाली, "माझ्या बाबांचे सोबती सलीमचाचा उष्माघाताने गेले. त्यांना तापलेल्या पृथ्वीने मारलं. करार मोडणाऱ्यांनी मारलं." टाळ्या. मला अभिमान वाटला. खोटं कशाला लिहू.

६ मे
साहेबांनी ऑफिसात बोलावलं. मोबाइलवर तोच व्हिडिओ. "तुमची मुलगी हुशार आहे हो. बरोबर बोलली. सगळं जगच तापलंय, त्याला आपली खाण काय करणार? सलीमच्या चौकशीत तुम्हीही एवढंच सांगा." मग चेकलिस्ट पुढे सरकवली. माझी सही.
उन्हाने गेला असं ठरलं की चूक कोणाचीच नाही. सलीमच्या घरी मग भरपाईचं काहीच पोचणार नाही.


७ मे
करुणाला एसीचं, चेकलिस्टचं सांगितलं. आज पहिल्यांदा.
"मले आधी काऊन नाई सांगतलं?"
तिने मोबाइलवरचा तो व्हिडिओ उघडला.
"मी खोटं नाई बोलली, बाबा. गर्मी वाढली हे खरंच आहे."
"खरं आहे."
"पन एसी चालू असता तर चाचा वाचले असते."
"हो."
रडायला लागली. मी म्हटलं, "करारात देशाचं नाव राह्यते बेटा, आपल्या खाणीचं नाई राहत."
"अन् चेकलिस्टवर?"
"तिथं माहं आहे."

१० मे
चौकशी उद्या. आधी सलीमच्या घरी गेलो. भाभीला सगळं सांगितलं. "तुमी लिवलं 'ठीक', भाऊ? तुमी?" पाण्याचा गिलास समोर ठेवला आणि आत गेली. परत बाहेर आली नाही. पाणी पिणं झालं नाही माझ्याने.

११ मे
सांगितलं. एसी बंद होता, खाणीत प्यायच्या पाण्याचा टँकरही त्याआधी दोन दिवस आला नव्हता. साहेब म्हणाले, "म्हणजे तुमची सही खोटी?" म्हटलं, "खोटी." लिहून घेतलं त्यांनी. माझं वाक्य पटकन लिहिलं, टँकरचं दोनदा सांगावं लागलं.

१९ मे
मला कामावरून घरी बसवलंय. वस्तीतले काही बोलतात, काही रस्ता बदलतात.
करुणा म्हणते स्पर्धेच्या पुढच्या, नागपूरच्या फेरीला जाणार नाही. म्हटलं, जा. करार पायजेच म्हन. पन हेही म्हन, का तिकडं सही करनाऱ्याले इकडं खाणीत येऊन पाहाले लावा.
"परीक्षकाले हे नाई चालत, बाबा."
"मंग नको जिंकू."
पहिल्यांदा थोडी हसली. जाईल का, माहीत नाही.

२८ मे
दुपारी भाभीचा फोन. त्या दिवसानंतर पहिलाच. "ऑफिसातून कागद आला. पाकिटावर सगळं इंग्रजीत आहे. करुणाले पाठवा. …तुमी भी या."
ऊन डोक्यावर होतं. दोघं चालत गेलो. भाभी दारातच उभी होती, पाकीट हातात, न फोडलेलं. करुणाने ते घेतलं, माझ्याकडे बघितलं, आणि कडेने हळूहळू फाडायला लागली.