चिंधीच्या गाठी

१ फेब्रुवारी, रविवार

चिंधीच्या पाठीवर हात ठेवला आणि हाताला गाठ लागली. एक नाही, अनेक. शेपटीच्या वर, पोटाखाली, पुढच्या दोन्ही पायांच्या खोबणीत. लांब केस एकमेकांत असे घट्ट रुतलेत की कोटाच्या खांद्यात भरायच्या गादीसारखे झालेत. किती दिवस झाले असतील? मी तिला शेवटचा हात कधी लावला तेच आठवत नाही. शिवणाच्या मशीनवर येऊन बसली की "चल हो" म्हणून ढकलते, तेवढंच.

आजही हात लावला तो मायेने नाही. लेकीचा फोन आला होता. दर रविवारी साडेसातला येतो, दोन मिनिटं चालतो. चिंधी कशी आहे, खाते का, फोटो पाठव — झालं. आज एक वाक्य जास्त होतं. नवी जागा मिळाली, घरमालकाला मांजर चालते, अठ्ठावीस तारखेला न्यायला येते.

फोटो नुसता तोंडाचा काढून पाठवला. तोंड अजून चांगलं आहे.

२ फेब्रुवारी, सोमवार

मोजल्या. अकरा गाठी.

लेकीची मांजराची फणी खिळ्याला टांगलेली आहे, ती गेली त्या दिवसापासून. आठ महिने. मी काढलीच नाही. तुझी मांजर, तू विंचर — असा माझा खाक्या. खाणंपिणं वेळेवर दिलं, वाळू बदलली, पण केसाला हात लावीन तर शपथ! राग लेकीवर आणि भोगलं त्या मुक्या जिवाने.

भांडणाचं काय लिहायचं. तिचे बाबा गेल्यावर कपडे दुरुस्तीचं हे दुकान ती बघणार, असं मी धरूनच चालले होते. तिला विचारलं नव्हतं. तिने परगावी नोकरी धरली. दारात बॅग ठेवून ती उभी होती आणि मी मशीनवरून न उठता म्हणाले, "जा. पण यापुढे माझी चौकशी करायची नाही." उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. पोरगीही माझीच — पीळ तोच. आठ महिन्यांत एकदाही आई कशी आहेस म्हणाली नाही. मांजरीचं विचारते. मी त्या दोन मिनिटांवर आठवडा काढते, हे कुठे बोलायची सोय नाही म्हणून इथे लिहिते.

मांजर गेली की फोनही गेला. ते आता चुकत नाही. पण तिने येऊन चिंधीला उचलल्यावर माझ्याकडे बघून "हे काय केलंस?" म्हणू नये, एवढं तरी माझ्या हातात आहे. सव्वीस दिवस आहेत.

४ फेब्रुवारी, बुधवार

फणी शिरतच नाही. दोनदा प्रयत्न केला, दोनदा गुरगुरली.

वरच्या मजल्यावरचे मास्तर पँट कमरेत बारीक करायला घेऊन आले होते. ते पेन्शनीत गेल्यापासून जगातल्या सगळ्या विषयांवर बोलतात. म्हणाले कोमट पाण्यात भिजवा, गुंता सैल होतो. मी ऐकलं! लोकरीचा कोट पाण्यात बुडवू नका, आटून पुठ्ठा होतो, हे मी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावते. आणि स्वतः मांजरीला बादलीत घातलं. वाळल्यावर अकराच्या अकरा गाठी दगड झाल्या. दोन तर एकमेकींना जाऊन मिळाल्या.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पलंगाखालून बाहेर आली नाही. माझ्या मनगटावर तीन ओरखडे. मला मिळायलाच हवे होते.

७ फेब्रुवारी, शनिवार

हे लिहायलाच हवं.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. चिंधी कापडांच्या ढिगावर झोपली होती. म्हटलं विंचरणं नाही तर नाही, कापून टाकू. कात्री तर माझ्या हाताचं सहावं बोट. धार कालच लावून आणलेली. पोटाजवळची गाठ डाव्या हाताने धरली, वर उचलली, ताणली. कापड ताणल्याशिवाय सरळ कापलं जात नाही. पंधराव्या वर्षापासून हात तेच करत आलाय, त्याला सांगावं लागत नाही. खालून पातं घातलं आणि मिटलं.

आवाज केसांचा नव्हता.

गाठीबरोबर कातडी वर आली होती. दोन पेरं लांब फाटली. रक्त फारसं नाही — आतलं गुलाबी दिसलं. ती ओरडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी टॉवेलात गुंडाळून तशीच धावले, दुकान उघडं टाकून, दोन पायांत दोन वेगळ्या चपला.

बाजारामागे जनावरांचे डॉक्टर आहेत, लेक तिला तिथेच न्यायची. तरुण माणूस, कमी बोलतो. सहा टाके घातले. मी बघत होते. टाके समान अंतरावर होते, माझ्यापेक्षा बरे. मग म्हणाले, "मावशी, मांजराची कातडी खालून मोकळी असते. गाठ ओढली की तीही ओढली जाते. कात्री कधीच लावायची नसते." मी म्हटलं, माझा धंदाच कात्रीचा आहे. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "ही स्वतःला चाटायची कधीपासून बंद झाली?"

मला सांगता येईना. एका घरात राहून मला सांगता येईना! ते म्हणाले मांजर उगाच अंग चाटणं सोडत नाही. वाकायला दुखत असेल, नाहीतर आतलं काही बिघडलं असेल. गाठी नंतर होतात. रक्त तपासायला घेतलं आणि तिला ठेवून घेतलं.

८ फेब्रुवारी, रविवार

मूत्रपिंडं. दोन्ही. डॉक्टर म्हणाले काही महिन्यांपासून असणार. आधी आणली असती तर? हे मी विचारलं. त्यांनी कागद चाळल्यासारखं केलं.

साडेसातला फोन. चिंधी कशी आहे? बरी आहे. फोटो पाठव ना. म्हटलं फोनची बॅटरी संपली आहे. त्याच फोनवर बोलत होते मी!

१० फेब्रुवारी, मंगळवार

दवाखान्यात जाऊन आले. भूल न देता, दोघांनी धरून, छोट्या मशीनने हळूहळू सगळे केस काढलेत. केवढीशी निघाली ती! एवढ्या केसांत एवढंसंच मांजर होतं. गाठींच्या खाली कातडी लालबुंद, काही ठिकाणी ओली. प्रत्येक पाऊल टाकताना ओढ बसत असणार, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे मशीनवर उडी मारून यायची तेव्हाही. आणि मी ढकलायचे.

पिंजऱ्यात हात घातला तर आपणहून तळहातावर डोकं ठेवलं. माझ्या! मी तिथे काउंटरवरच्या बाईसमोर ढसाढसा रडले. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं. भली बाई आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी अकराला गेली.

डॉक्टर म्हणाले कात्रीने नाही गेली, मावशी. दोनदा म्हणाले. एकदाच म्हणाले असते तर कदाचित पटलं असतं.

घरी आणून मागच्या अंगणात पुरली. मास्तरांनी खड्डा खणला, सल्ला दिला नाही. कोटाच्या अस्तराचं चांगलं कापड कापून त्यात गुंडाळली. कापडाच्या कडा आधी दुमडून शिवून घेतल्या. कोण बघणार होतं? तरी शिवल्या.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

गुरुवार असून फोन आला! साडेसातलाच. सांगायचं ठरवलंच होतं. तोंड उघडलं.

"कशी आहे?" तिने विचारलं.

"झोपलीय," मी म्हणाले.

मग म्हणाली, "बरं. झोपू दे तिला." आणि मग — "तू जेवलीस?" मी हो म्हणाले. दोन दिवस चहावर होते. एका फोनमध्ये दोनदा खोटं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आजही फोन. हिला वास लागला की काय?

१६ फेब्रुवारी, सोमवार

रोज फोन येतो. रविवारचा रोज झाला. नक्की संशय आहे, माझी परीक्षा चालली आहे. खोटं बोलणाऱ्याला आठवण दांडगी लागते म्हणून इथे टिपून ठेवते. शुक्रवारी सांगितलं, अर्धा मासा खाल्ला. शनिवारी, खिडकीत बसून होती. रविवारी, पालीमागे धावली. (आयुष्यात कधी पाल पकडली नाही तिने. पालीला घाबरायची.) लेक सगळं ऐकून घेते. मध्येच तिचा आवाज बसल्यासारखा होतो. सर्दी झाली म्हणते.

काल रविवार असून फोटो मागितला नाही. सुटले.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

वीस मिनिटं! चिंधीचं दोन वाक्यांत आटोपलं आणि मग स्वतःचंच सांगत बसली. ऑफिसातल्या साहेबाने नाक शिंकरलं की अख्खा मजला दचकतो, म्हणाली. मी हसले. माझा गुडघा कसा आहे विचारलं. मशीनचा पट्टा बदललास का विचारलं. फोन ठेवल्यावर मला बरं वाटत होतं. पाच मिनिटं खरंच बरं वाटलं. मग मागच्या दाराकडे लक्ष गेलं.

मेलेल्या मांजरीच्या जिवावर लेकीशी गप्पा मारते आहे मी. हिला कळेल त्या दिवशी ही माझं तोंडही बघणार नाही. आणि बरोबरच करेल.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज जे केलं ते वाचून उद्या माझं मलाच हसू येईल. मास्तर म्हणाले, ओळखीत एकाकडे अगदी अशीच करडी, लांब केसांची मांजर आहे, देऊन टाकायची आहे. गेले बघायला! चिंधीचा तोंडाचा फोटो घेऊन. रंग तोच. पण ही जाडजूड, टवटवीत, आणि बोका. त्याने माझ्या पदराशी खेळायला सुरुवात केली आणि मला तिथे थांबवेना. लेकीने चिंधीला लहानपणी चिंध्यांच्या पोत्यातून काढलं, बोटाने दूध पाजलं. तिला काय मी बोका देऊन फसवणार?

२५ फेब्रुवारी, बुधवार

शेवटचा उपाय करून बघितला. म्हटलं, "तिला इथलीच सवय झालीय. नको नेऊस."

"बरं, नाही नेत," लगेच म्हणाली. मी हुज्जतीची तयारी करून बसले होते.

"मग आता कशाला येतेस एवढ्या लांब?"

"येते तरी," म्हणाली, आणि गाडीची वेळ सांगितली. शनिवारी दुपारी दोन.

येणारच. म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिचा विश्वास बसणार नाही. चुकतंय कुठे तिचं? मांजर सांभाळायला दिली होती, मी राग सांभाळला.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

ठरलं. दारातच सांगायचं, बॅग खाली ठेवायच्या आत. म्हणजे तिला तसंच मागे फिरता येईल. परतीच्या गाडीच्या वेळा मास्तरांकडून लिहून घेतल्या आहेत.

आजच्या फोनवर म्हटलं, चिंधी बरी आहे. हे शेवटचं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

संध्याकाळी दवाखान्यातली काउंटरवरची बाई आली, दोन झगे आखूड करायला. खडूने खूण करत होते तेव्हा म्हणाली, मुलगी सावरली का हो तुमची? फोनवर फार रडली त्या दिवशी. मी विचारलं कोणत्या दिवशी? तर म्हणाली, अकरा तारखेलाच. कार्डावर तिचाच नंबर, मांजर गेल्याचं आम्हाला कळवावंच लागतं. आणि तुमचंच विचारत होती सारखी — आई एकटी आली होती का, घरी कशी गेली, सोबत कोणी आहे का.

खडूची खूण पुसून पुन्हा केली.

अकरा तारखेपासून तिला माहीत आहे. या रोजच्या सगळ्या फोनच्या आधीपासून.

आत्ता साडेसातला नेहमीप्रमाणे फोन आला. चिंधीचं मी काही सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. ठेवताना म्हणाली, "आई, उद्या येतेय." उद्या दुपारी येईल ती. मांजर न्यायला नाही.